नवताऱ्यांचे द्रष्टे : थॉमस अँडरसन

थॉमस डेव्हिड अँडरसन यांचा जन्म १८५३ साली स्कॉटलंडमधील एडिंबरो येथे झाला. काँग्रिगेशनल पंथाचे पाळक होण्यासाठी त्यांनी ईशज्ञानाचे शिक्षण घेतले. परंतु त्या सेवेत ते रुजू झाले नाहीत. घरची परिस्थिती चांगली असल्याने चरितार्थाची विवंचना नव्हती. त्यांच्या रात्री आकाशाकडे पाहण्यात जात.

जानेवारी १८९२ च्या अखेरीस सारथी तारकासमूहात त्यांना एक पिवळसर तारा दिसला. तो नेहमीचाच एक तारा असावा, असे समजून त्यांनी आठवडाभर त्याकडे विशेष लक्ष दिले नाही. पुढे ताऱ्यांचा नकाशा उघडून पाहिला, तेव्हा त्या जागी ताराच नव्हता! खिशात मावेल अशा दुर्बिणीने त्यांनी खात्री करून घेतली आणि स्कॉटलंडचे राजज्योतिषी राल्फ कोपलंड यांना एक पोस्टकार्ड धाडले. त्यावर स्वतःचे नावही घातले नाही. एखाद्या हौशी माणसाने वेधशाळेला काय शिकवावे, हा संकोच त्यामागे असावा. कार्ड १ फेब्रुवारीला पोहोचले, आणि त्याच रात्री कोपलंड यांना नवतारा दिसला. नंतर हार्वर्ड वेधशाळेतील जुन्या काचपट्ट्या तपासण्यात आल्या. तो तारा १० डिसेंबर १८९१ पासूनच त्यांवर उमटला होता. जवळजवळ दोन महिने कोणीही तिकडे पाहिले नव्हते.

नवतारा हा खरे पाहता नवा तारा नव्हे. श्वेत बटू नावाचा एक लहान, घन तारा आपल्या जोडीदाराकडून हायड्रोजन वायू ओढून घेतो. तो थर साचत जाऊन अखेर भडकतो आणि अंधूक तारा एकाएकी तेजस्वी होतो.

२२ फेब्रुवारी १९०१ च्या पहाटे, पावणेतीनच्या सुमारास, निरीक्षण आटोपून झोपण्यापूर्वी अँडरसन यांनी सहज वर पाहिले. ययाती समूहात अल्गोलजवळ एक ठळक अनोळखी तारा होता. सुमारे २८ तासांपूर्वी इंग्लंडमध्ये घेतलेल्या छायाचित्रात त्या जागी बाराव्या प्रतीचाही तारा नव्हता. म्हणजे एका दिवसात त्याचे तेज पाच हजार पटींहून अधिक वाढले होते. पुढील दोन दिवसांत त्याने ब्रह्महृदयालाही मागे टाकले. या वेळी मात्र अँडरसन यांनी नाव लपवले नाही. १९०२ मध्ये लंडनच्या रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने त्यांना जॅक्सन-ग्विल्ट पदक दिले.

१९३२ साली त्यांचे निधन झाले. त्या ताऱ्यातून उसळलेल्या वायूचे कवच आजही पसरत आहे.