श्रीचरणी वाहिलेले मनोरथ : पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर

आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील चौंडी येथे सन १७२५ मध्ये अहिल्यादेवींचा जन्म झाला. सुभेदार मल्हारराव होळकरांच्या त्या स्नुषा. सन १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव धारातीर्थी पडले. सन १७६६ मध्ये पितृतुल्य श्वशुर निवर्तले आणि पुढच्याच वर्षी एकुलता एक पुत्र मालेरावही. संसाराचे सारे मनोरथ असे भंगले असता त्यांनी राज्य श्रीशंकराचे मानले व आपल्याकडे केवळ सेवा घेतली. आज्ञापत्रांवर स्वतःच्या नावाऐवजी श्रीशंकराचे नाव उमटू लागले. हा निव्वळ उपचार नव्हे. त्यांच्या द्रव्यातून काशीस विश्वेश्वराचे (सन १७८०) व सोमनाथाचे (सन १७८३) मंदिर उभे राहिले. घाट, विहिरी, धर्मशाळा यांची तर गणतीच नाही.

भक्ती केली म्हणून दुःख टळले असे मात्र झाले नाही. नातू गेला. सन १७९१ मध्ये जावई यशवंतराव फणसे निवर्तले आणि कन्या मुक्ताबाई सती गेल्या. मातेची विनवणी व्यर्थ ठरली. तरीही महेश्वरी नर्मदातीरी नित्य शिवपूजा आणि रयतेची दाद घेणे सुटले नाही. तेथेच दि. १३ ऑगस्ट १७९५ रोजी त्यांनी देह ठेविला. महेश्वरच्या वाड्यात पार्थिव शिवलिंगांचे लिंगार्चन आजही होते.