डोनाल्ड विनिकॉट : रुग्णाचा राग सोसून टिकून राहिलेला डॉक्टर

काही मनोरुग्णांपुढे अनुभवी डॉक्टरही हात टेकतात. हे रुग्ण आज डॉक्टरवर जीव टाकतात आणि उद्या त्याच्यावरच तुटून पडतात. ते वेळ पाळत नाहीत, उपचार अर्ध्यावर सोडून निघून जातात आणि काही दिवसांनी पुन्हा दारात उभे राहतात. आज व्यक्तिमत्त्व विकार या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आजारांत असे वारंवार घडते. डॉक्टर आणि रुग्ण यांच्यातील नाते हेच येथे उपचाराचे मुख्य साधन असते आणि दुर्दैवाने तेच सर्वांत आधी मोडते. हे नाते मोडू न देता कसे सांभाळावे, या प्रश्नाचा ज्यांनी आयुष्यभर विचार केला, त्यांत ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक डॉ. डोनाल्ड वुड्स विनिकॉट यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते.

बालपण आणि शिक्षण

विनिकॉट यांचा जन्म ७ एप्रिल १८९६ रोजी इंग्लंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरील प्लिमथ या बंदराच्या शहरात झाला. वडील फ्रेडरिक हे सधन व्यापारी होते. ते दोनदा शहराचे महापौर झाले आणि पुढे त्यांना सर हा किताब मिळाला. दोन थोरल्या बहिणी, आई आणि घरातील इतर स्त्रिया यांच्या सहवासात डोनाल्ड लहानाचे मोठे झाले. वरवर पाहता हे घर सुखी होते. मात्र आईच्या मनावर खिन्नतेचे सावट असे आणि तिला हसते ठेवण्याची जबाबदारी लहानपणी आपल्यावर आली होती, अशी खोल जाणीव त्यांना होती. वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी लिहिलेल्या ‘झाड’ या कवितेत त्यांनी ही जाणीव व्यक्त केली. दुसऱ्याच्या मनाचा भार वाहणाऱ्या मुलाची ओळख त्यांना पुस्तकातून झाली नव्हती.

केंब्रिजच्या लीज स्कूल या निवासी शाळेत असताना खेळताना त्यांच्या गळ्याचे हाड मोडले. यापुढे कोणत्याही दुखापतीसाठी दुसऱ्या डॉक्टरवर अवलंबून राहायचे नसेल, तर आपणच डॉक्टर व्हावे, असे त्यांनी तेव्हा ठरवले. केंब्रिज विद्यापीठाच्या जीझस कॉलेजात शिकत असतानाच पहिले महायुद्ध पेटले. त्यांचे कित्येक मित्र युद्धात कामी आले. स्वतः विनिकॉट यांनी नौदलाच्या विनाशिकेवर शिकाऊ वैद्यकीय अधिकारी म्हणून काम केले. युद्धानंतर लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयातून १९२० मध्ये ते डॉक्टर झाले.

१९२३ हे वर्ष त्यांच्या आयुष्यात अनेक अर्थांनी महत्त्वाचे ठरले. त्या वर्षी अॅलिस टेलर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. लंडनच्या पॅडिंग्टन ग्रीन बालरुग्णालयात ते रुजू झाले आणि पुढील सुमारे चाळीस वर्षे त्यांनी तेथे काम केले. त्याच वर्षी फ्रॉइड यांच्या ग्रंथांचे इंग्रजी भाषांतरकार जेम्स स्ट्रेची यांच्याकडे त्यांनी स्वतःचे मनोविश्लेषण करून घेण्यास सुरुवात केली. हे विश्लेषण दहा वर्षे चालले. पुढे जोन रिव्हिएर यांच्याकडेही त्यांनी विश्लेषण करून घेतले. बालमनाचे विश्लेषण करणाऱ्या मेलनी क्लाइन यांचे मार्गदर्शनही त्यांना लाभले, मात्र त्यांच्या पंथाचा शिक्का त्यांनी स्वतःवर कधी बसू दिला नाही.

युद्धाने दिलेला धडा

सप्टेंबर १९३९ मध्ये दुसरे महायुद्ध सुरू झाले. बॉम्बहल्ल्यांच्या भीतीने ब्रिटिश सरकारने लाखो मुलांना शहरांतून खेड्यापाड्यांत हलवले. अगदी लहान मुलांना आईपासून तोडल्यास त्यांच्या मनावर गंभीर परिणाम होऊ शकतो, असा इशारा विनिकॉट यांनी जॉन बोल्बी आणि इमॅन्युएल मिलर या सहकाऱ्यांसह त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलला पत्र लिहून दिला.

स्थलांतरित मुलांपैकी काही मुले कोणत्याही कुटुंबात टिकत नसत. ती चोऱ्या करत, अंथरूण ओले करत, आगी लावत, पळून जात. अशा मुलांसाठी ऑक्सफर्डशायरमध्ये वसतिगृहे उघडण्यात आली. विनिकॉट तेथे मानसोपचार सल्लागार म्हणून आठवड्यातून एकदा जात असत. तेथेच सामाजिक कार्यकर्त्या क्लेअर ब्रिटन यांच्याशी त्यांचा परिचय झाला. पहिला विवाह संपुष्टात आल्यानंतर १९५१ मध्ये त्या दोघांनी लग्न केले.

या वसतिगृहांत विनिकॉट यांच्या लक्षात आले की, मुलांवर परिणाम होतो तो आपल्या अर्ध्या तासाच्या भेटीपेक्षा तेथील स्वयंपाकिणीचा, व्यवस्थापकाचा, वेळेवर मिळणाऱ्या जेवणाचा आणि रोज दिसणाऱ्या त्याच त्या चेहऱ्यांचा. मूल वाईट वागून जणू या माणसांची परीक्षा पाहत असे. ही परीक्षा उत्तीर्ण होण्याचा एकच मार्ग होता, तो म्हणजे तेथून न हटणे. चोरी करणारे मूल त्या वस्तूच्या शोधात नसते, तर जिच्यावर आपला हक्क आहे अशा व्यक्तीच्या शोधात असते, असा सिद्धांत त्यांनी पुढे १९५६ मध्ये मांडला. समाजविघातक वर्तनामागे अद्याप आशा शिल्लक असते, हा विचार त्या काळी अनेकांना धक्का देणारा होता.

दारावरची घंटा

त्या काळातील एका मुलाची हकीकत विनिकॉट यांनी स्वतः नोंदवून ठेवली आहे. नऊ वर्षांचा हा मुलगा सहाव्या वर्षापासून घरातून पळून जात असे. वसतिगृहातूनही तो पळाला आणि विनिकॉट यांच्या घराजवळच्या पोलीस ठाण्यात सापडला. त्यांच्या पत्नीने त्याला घरी आणले आणि तीन महिने सांभाळले. सुरुवातीला त्याला पूर्ण मोकळीक देण्यात आली. बाहेर पडताना त्याच्या हातावर एक शिलिंग ठेवले जाई. तो ज्या पोलीस ठाण्यात पोहोचेल तेथून त्याने फक्त फोन करायचा, म्हणजे घरचे त्याला आणायला जात.

काही काळाने मुलाचे पळणे थांबले, पण मग त्याने घरातच धुमाकूळ घालण्यास सुरुवात केली. त्याचा उद्रेक अनावर झाला की विनिकॉट त्याला उचलून दाराबाहेर ठेवत; मग दिवस असो, रात्र असो वा पाऊस असो. त्यांनी त्याला कधी मारले नाही. दाराला त्याच्यासाठी एक खास घंटा होती. ती वाजवली की त्याला आत घेतले जाई आणि झालेल्या प्रकाराबद्दल एक शब्दही उच्चारला जात नसे. मात्र बाहेर ठेवताना प्रत्येक वेळी विनिकॉट त्याला स्पष्ट सांगत की, तू जे केलेस त्यामुळे मला तुझा तिरस्कार वाटला. हे सांगणे मुलासाठी जितके आवश्यक होते, तितकेच ते स्वतःसाठीही होते, अशी प्रामाणिक कबुली त्यांनी दिली. ते सांगून टाकल्यामुळेच त्यांना संयम राखता आला. मुलाला पुढे सुधारशाळेत जावे लागले, परंतु या कुटुंबाशी जडलेले नाते त्याच्या आयुष्यातील मोजक्या स्थिर गोष्टींपैकी एक ठरले.

ही हकीकत ज्या निबंधात आहे, तो विनिकॉट यांनी फेब्रुवारी १९४७ मध्ये ब्रिटिश मनोविश्लेषण संस्थेपुढे वाचला आणि १९४९ मध्ये तो प्रसिद्ध झाला. गंभीर विकार असलेला रुग्ण उपचारकाच्या मनात राग, कंटाळा आणि तिरस्कार निर्माण करतोच. उपचारकाने ही भावना स्वतःपासून लपवली तर ती आडवाटेने बाहेर पडते आणि रुग्णालाच इजा करते, असे प्रतिपादन त्यांनी त्यात केले. आईलासुद्धा तान्ह्या बाळाचा कधी कधी संताप येतो, पण ती त्याचा वचपा काढत नाही, या रोजच्या अनुभवाशी त्यांनी उपचारकाच्या कामाची तुलना केली. मनोरुग्णांवर मेंदूची शस्त्रक्रिया आणि विजेचे झटके सर्रास वापरले जात होते, असा तो काळ होता. या उपायांना विनिकॉट यांचा कडाडून विरोध होता. डॉक्टरांच्या मनातील दडलेला तिरस्कारही अशा उपायांमागे असू शकतो, अशी शंका त्यांना वाटे.

फुटलेली फुलदाणी

प्रौढ रुग्णांच्या बाबतीत ते कसे वागत, हे त्यांच्या रुग्ण मार्गारेट लिटल यांच्या आठवणींतून कळते. लिटल या स्वतः मनोविश्लेषक होत्या आणि १९४९ मध्ये त्या विनिकॉट यांच्याकडे उपचारासाठी आल्या. सुरुवातीच्याच एका भेटीत निराशेच्या भरात त्यांनी खोलीतील पांढऱ्या लायलॅकच्या फुलांची मोठी फुलदाणी फोडली आणि फुले तुडवली. विनिकॉट तत्काळ खोलीबाहेर गेले आणि वेळ संपता संपता परतले. दुसऱ्या दिवशी त्याच जागी हुबेहूब तशीच फुलदाणी, तशाच फुलांसह ठेवलेली होती. काही दिवसांनी त्यांनी लिटल यांना सांगितले की, फुटलेली वस्तू त्यांच्या आवडीची होती. त्यांनी शिक्षाही केली नाही आणि काही घडलेच नाही असे सोंगही आणले नाही.

लिटल यांची भीती अनावर होई तेव्हा विनिकॉट तासन्‌तास त्यांचे हात हातात धरून बसत. भेटीची वेळही त्यांनी वाढवून दिली. १९५३ मध्ये ते सुटीवर जाणार होते. त्या काळात लिटल यांच्या जिवाला धोका होऊ नये म्हणून त्यांच्या संमतीने त्यांना रुग्णालयात ठेवण्यात आले. उपचारकाची गैरहजेरी हा अशा रुग्णांसाठी सर्वांत कठीण काळ असतो, हे त्यांनी ओळखले होते. लिटल यांनी हा अनुभव पुढे पुस्तकरूपाने लिहिला आणि तो १९९० मध्ये प्रसिद्ध झाला.

नोव्हेंबर १९६८ मध्ये न्यूयॉर्क येथे दिलेल्या व्याख्यानात विनिकॉट यांनी आपल्या साऱ्या अनुभवाचे सार मांडले. रुग्ण उपचारकाला मनातल्या मनात नष्ट करतो. उपचारक सूड न घेता टिकून राहिला, तरच तो आपल्या कल्पनेबाहेरचा खराखुरा माणूस आहे, हे रुग्णाला उमगते आणि त्यानंतरच तो त्याच्याकडून काही घेऊ शकतो. श्रोत्यांना हा विचार पटला नाही. त्याच मुक्कामात विनिकॉट यांना हृदयविकाराचा तीव्र त्रास होऊन रुग्णालयात दाखल व्हावे लागले.

मर्यादा आणि अपयश

विनिकॉट यांच्या कार्याला एक काळी बाजूही आहे आणि तिचा संबंध भारतीय उपखंडाशी येतो. अविभक्त पंजाबात १९२४ मध्ये जन्मलेले मसूद खान १९४६ मध्ये लंडनला गेले आणि मनोविश्लेषक झाले. त्यांचे आधीचे दोन विश्लेषक निधन पावल्यानंतर १९५१ पासून ते विनिकॉट यांच्याकडे विश्लेषणासाठी जाऊ लागले. हे विश्लेषण सुमारे पंधरा वर्षे चालले. त्याच काळात खान विनिकॉट यांच्या लेखनाचे संपादनही करत होते. रुग्ण, शिष्य आणि संपादक या तिन्ही भूमिका एकाच व्यक्तीत मिसळल्या. पुढे खान यांनी स्वतःच्या रुग्णांशी सर्व मर्यादा ओलांडून वर्तन केले. गैरवर्तन आणि पुस्तकातील ज्यूद्वेषी मजकूर यांमुळे १९८८ मध्ये ब्रिटिश संस्थेने त्यांचे सदस्यत्व रद्द केले. विनिकॉट यांनीच आपल्याला खान यांच्याकडे पाठवले होते आणि त्या उपचाराने आपले मोठे नुकसान झाले, असे अर्थतज्ज्ञ विन गॉडली यांनी २००१ मध्ये जाहीरपणे लिहिले.

रुग्णाला धरून ठेवणे आणि त्याच्या आयुष्यात मिसळून जाणे यांत फरक आहे. नऊ वर्षांच्या त्या मुलासाठी दार उघडे होते, पण दार होतेच. खान यांच्या बाबतीत ते दारच उरले नव्हते, असे म्हणावे लागते. रुग्णांचे हात धरणे, वेळ वाढवणे यांसारख्या विनिकॉट यांच्या पद्धतींकडे आजचे तज्ज्ञ सावधपणे पाहतात, त्याचे कारणही हेच आहे.

रेडिओवरील आवाज आणि वारसा

सामान्य जनतेला विनिकॉट यांची ओळख झाली ती रेडिओवरून. १९४३ ते १९६२ या काळात बीबीसीवर त्यांनी मातांसाठी अनेक भाषणे दिली. आई परिपूर्ण असण्याची गरज नाही, ती पुरेशी चांगली असली की झाले, हा त्यांचा दिलासा घरोघरी पोहोचला. ब्रिटिश मनोविश्लेषण संस्थेचे अध्यक्षपद त्यांनी दोनदा भूषवले. जानेवारी १९७१ मध्ये लंडन येथे त्यांचे निधन झाले.

त्यांच्या निधनानंतर या क्षेत्रात बरीच प्रगती झाली. १९८० मध्ये सीमावर्ती व्यक्तिमत्त्व विकाराला अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या वर्गीकरणात अधिकृत स्थान मिळाले. १९९३ मध्ये मार्शा लिनहन यांनी आपल्या उपचारपद्धतीचा ग्रंथ प्रसिद्ध केला. लंडनमध्ये अँथनी बेटमन आणि पीटर फोनागी यांनी विकसित केलेल्या पद्धतीचे निष्कर्ष १९९९ मध्ये पुढे आले. या पद्धतींचे तंत्र विनिकॉट यांच्यापेक्षा वेगळे आहे. तरीही ठरलेली वेळ पाळणे, नियम आधीच स्पष्ट करणे, उपचारकाने स्वतःच्या भावनांवर सहकाऱ्यांशी चर्चा करणे आणि रजेची किंवा उपचार संपण्याची पूर्वकल्पना देणे, या गोष्टींना त्यांत मोठे महत्त्व आहे. सहकाऱ्यांशी होणारी चर्चा तर विशेष मोलाची आहे, कारण विनिकॉट यांनी जो भार बहुतांशी एकट्याने उचलला, तो तेथे अनेकांत वाटला जातो.

अशा रुग्णाची शुश्रूषा करणाऱ्या कुटुंबीयांनाही कधी कधी त्याचा संताप येतो आणि मग अपराधी वाटते. विनिकॉट यांचे जीवन त्यांना सांगते की, संताप येणे हा गुन्हा नाही. तो ओळखावा, योग्य शब्दांत बोलून दाखवावा, त्याचा सूड होऊ देऊ नये आणि घंटा वाजली की दार उघडावे.