कोण होते जे. आय. रोडेल? शंभरी गाठणार म्हणाले आणि टीव्ही शोमध्येच गेले!

'ऑरगॅनिक' हा शब्द अमेरिकेत घरोघरी पोहोचवणारे रोडेल ना डॉक्टर होते, ना शास्त्रज्ञ. १८९८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये जन्मलेला हा हिशेबनीस पुढे प्रकाशक झाला. इंदूरमध्ये कंपोस्ट खतावर काम केलेल्या अल्बर्ट हॉवर्ड यांच्या लिखाणाने ते भारावले. १९४२ मध्ये त्यांनी सेंद्रिय शेतीचं मासिक काढलं, १९५० मध्ये आरोग्याचं 'प्रिव्हेन्शन'. साखर टाळा, रसायनांशिवाय पिकवलेलं खा, असं ते सांगत. पुस्तकांच्या जाहिरातींतल्या दाव्यांवर मात्र अमेरिकेच्या व्यापार आयोगाने आक्षेप घेतला.

१९७१ मध्ये टीव्ही मुलाखतीच्या चित्रीकरणातच ७२ वर्षांचे रोडेल हृदयविकाराने गेले. तो भाग कधीच दाखवला गेला नाही.

मग त्यांचा सल्ला खोटा होता? तसं नाही. ते नव्वदी पार करते, तरी तो खरा ठरला नसता. आरोग्याचा सल्ला पुराव्यावर तपासायचा, सांगणाऱ्याच्या वयावर नाही.