शिकवता शिकवता शिकत राहिलेला गिटारवादक : रँडी ऱ्होड्स



आज एका रॉक गिटारवादकाची ओळख करून देणार आहे. रॉक म्हटलं की लांब केस आणि कानठळ्या बसवणारा आवाज डोळ्यासमोर येतो. हे परिपाठात कशाला सांगायचं, असंही तुम्हाला वाटेल. पण थोडं थांबा. हा मुलगा एका शिक्षिकेचा होता आणि स्वतःही शिक्षक होता. तो अवघ्या २५ वर्षांचा असताना गेला, तोही दुसऱ्याच्या बेफिकिरीमुळे.

बालपण

रँडी ऱ्होड्सचा जन्म ६ डिसेंबर १९५६ रोजी अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात सँटा मोनिका इथे झाला. तीन भावंडांत तो शेंडेफळ. वडीलही संगीत शिक्षक होते, पण रँडी जेमतेम दीड वर्षाचा असताना ते घर सोडून गेले. आई डेलोरेस यांनी तिन्ही मुलांना एकटीने वाढवलं. नॉर्थ हॉलिवूडमध्ये त्यांची 'मुसोनिया' नावाची संगीत शाळा होती. घर चालायचं ते याच शाळेवर.

रँडीने सहा-सात वर्षांचा असताना आजोबांची जुनी गिटार हातात घेतली. आईने त्याला पियानोही शिकवला. स्वरलिपी वाचता यावी, नुसतं ऐकून वाजवणं पुरेसं नाही, हा तिचा आग्रह. आपण नाही का, मुलगा पाढे घडाघडा म्हणतो म्हणून थांबत नाही, त्याला उदाहरण सोडवायला लावतो? तसंच.

पुढे मुसोनियातलेच एक शिक्षक त्याला इलेक्ट्रिक गिटार शिकवू लागले. काही काळाने त्यांनी आईला येऊन सांगितलं की, आता या मुलाला शिकवण्यासारखं माझ्याकडे काही उरलं नाही. मला ही गोष्ट फार मोठी वाटते. विद्यार्थी आपल्या पुढे गेला, हे मोकळ्या मनाने कबूल करायला शिक्षकाचं मन मोठं लागतं.

दिवसा शिकवणी, रात्री कार्यक्रम

किशोरवयात रँडीने मित्रासोबत बँड सुरू केला. तोच पुढे 'क्वायट रायट' म्हणून ओळखला गेला. लॉस एंजेलिसमध्ये कार्यक्रमांना गर्दी व्हायची, पण अमेरिकेतली कोणतीही मोठी कंपनी त्यांची रेकॉर्ड काढायला तयार होईना. त्यांचे पहिले दोन अल्बम निघाले ते फक्त जपानमध्ये.

या दिवसांत तो दिवसा आईच्या शाळेत मुलांना गिटार शिकवायचा आणि रात्री मंचावर वाजवायचा. एकच गोष्ट वेगवेगळ्या विद्यार्थ्यांना समजावताना आपलीही ती पक्की होते, हा तर आपल्या सगळ्यांचाच अनुभव आहे. रँडीचंही तसंच झालं. शिकवण्यातून त्याचा स्वतःचा हात तयार होत गेला.

जगभर नाव झालं तरी

१९७९ मध्ये ब्लॅक सबाथ या बँडमधून बाहेर पडलेले इंग्लंडचे गायक ऑझी ऑस्बॉर्न नव्या गिटारवादकाच्या शोधात होते. रँडी निवड चाचणीला गेला. तो सुरुवातीला हात मोकळा करण्यासाठी थोडंसं वाजवत होता, तेवढ्यावरच त्याची निवड झाली, असं सांगतात. १९८० मध्ये 'ब्लिझर्ड ऑफ ऑझ' आणि १९८१ मध्ये 'डायरी ऑफ अ मॅडमन' हे अल्बम आले आणि रँडीचं नाव सगळीकडे झालं. दणदणीत रॉकमध्ये युरोपच्या शास्त्रीय संगीताची वळणं त्याने इतकी सहज मिसळली की आजही गिटार शिकणारी मुलं त्याचे तुकडे तासन्‌तास घोटतात.

पहिल्या अल्बममध्ये 'डी' नावाची एक रचना आहे. फक्त एक गिटार, आणि लांबी एक मिनिटसुद्धा नाही. ती त्याने आईसाठी केली होती.

आता खरी सांगण्यासारखी गोष्ट. दौऱ्यावर ज्या गावी मुक्काम असेल, तिथे तो शास्त्रीय गिटारचा शिक्षक शोधायचा आणि फी देऊन तास घ्यायचा. रात्री हजारो लोक ज्याच्यासाठी टाळ्या वाजवायचे, तो दिवसा विद्यार्थी होऊन कुणासमोर तरी बसायचा. शास्त्रीय गिटारचं रीतसर शिक्षण घेऊन पदवी मिळवायची, असं त्याच्या मनात होतं.

१९ मार्च १९८२

नॉक्सव्हिलचा कार्यक्रम संपवून बँडची बस ऑरलँडोकडे निघाली होती. वाटेत दुरुस्तीसाठी ती फ्लोरिडातल्या लीसबर्गजवळ थांबली. तिथे छोटी धावपट्टी आणि विमानं होती. बसचा चालक वैमानिकही होता, पण त्याच्या वैद्यकीय प्रमाणपत्राची मुदत संपलेली होती. त्याने न विचारताच एक लहान विमान बाहेर काढलं. पहिली फेरी सुखरूप झाली. दुसऱ्या फेरीत रँडी आणि बँडसोबतच्या एक महिला बसल्या. खरं तर रँडीला विमानाची भीती वाटायची.

चालक गंमत म्हणून उभ्या बसच्या अगदी जवळून विमान नेऊ लागला. एकदा झालं, पुन्हा झालं, आणि मग पंख बसच्या टपाला लागला. विमान झाडावर आदळून शेजारच्या घराच्या गॅरेजमध्ये कोसळलं आणि पेटलं. तिघंही जागीच गेले. चालकाच्या शरीरात नंतर कोकेन आढळलं. रँडीने कोणताही अमली पदार्थ घेतलेला नव्हता.

डेलोरेस यांनी त्यानंतरही शाळा चालू ठेवली. जगभरातून येणाऱ्या रँडीच्या चाहत्यांना त्या आपुलकीने भेटत. २०१२ मध्ये, नव्वदी ओलांडल्यावर त्यांचं निधन झालं. २०२१ मध्ये रँडीला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमचा सन्मान मिळाला, तेव्हा तो बघायला आई नव्हती.

शेवटी थोडंसं

पालकहो, शाळा सुटल्यावर फाटकाशी उभी असते तेव्हा मी रोज बघते. लेकराला पेट्रोलच्या टाकीवर बसवून गाडी वेडीवाकडी पळवणारे बाबा असतात. लेकरू खिदळतं, बाबांना आणखी जोर चढतो. काल काही झालं नाही, म्हणून आजही होणार नाही असं वाटतं. लीसबर्गलाही पहिली फेरी सुखरूपच झाली होती.

वर्गात ही गोष्ट सांगाल तेव्हा मुलांना एवढं नक्की विचारा : गाडी चालवणारा मोठा माणूस असेल आणि तुम्हाला भीती वाटत असेल, तर नाही म्हणता येईल का? उत्तरं शांतपणे ऐका. आणि घरी नाही म्हणणाऱ्या लेकराला भित्रा म्हणू नका.