सेलबोर्नचं अंगण

बँकेच्या बदल्यांत माझी आठ गावं झाली. एकाही अंगणाची धड ओळख झाली नाही. म्हणून गिल्बर्ट व्हाइटचा (१७२०-१७९३) मला हेवा वाटतो. इंग्लंडातल्या सेलबोर्न खेड्यात जन्मलेला हा अविवाहित धर्मोपदेशक बहुतेक आयुष्य तिथल्याच कुरणांतून हिंडला. व्हायपर म्हणजे आपल्या घोणशीची नातलग. ती घाबरली की पिलं गिळून लपवते, असा तिथला लोकसमज. १७७५च्या ऑगस्टमध्ये गवतात दिसलेली मादी त्यानं चिरून पाहिली. १५ पिलं निघाली, पण पोटात. घशात एकही नाही. (बिचारीची मला अजून हळहळ वाटते.) १७८० साली आत्या वारल्यावर तिचं कासव, टिमथी, त्यानं घरी आणलं. १३ वर्षं त्याच्या झोपेजागेची नोंद ठेवली. टिमथी मादी होती, हे मात्र त्याला कधीच कळलं नाही.