शिरढोणचे घर

रोडपाली-कळंबोलीच्या उंच इमारतींत राहणाऱ्या कित्येक कुटुंबांना ठाऊक नसेल, की पनवेल ओलांडून, पळस्पे फाट्यावरून गोव्याच्या रस्त्याला लागले की थोड्याच वेळात एक इतिहास लागतो. गावाचे नाव शिरढोण. तेथल्या एका साध्या कौलारू घरात ४ नोव्हेंबर १८४५ रोजी वासुदेव बळवंत फडके जन्मले. जवळच कर्नाळ्याचा सुळका. आजोबा अनंतराव या किल्ल्याचे किल्लेदार होते. १८१८ मध्ये किल्ला इंग्रजांकडे गेला आणि फडक्यांकडे उरले ते हे घर.

वासुदेवरावांचे बालपण बरेचसे कल्याणला आजोळी गेले. पुढे पोटापाण्यासाठी त्यांनी मुंबईत कारकुनी धरली. लष्कराच्या हिशेबखात्यात कायमची नोकरी, मग पुण्याला बदली, सदाशिव पेठेत नरसोबाच्या देवळाजवळ बिऱ्हाड. सकाळी दत्ताची उपासना, दिवसभर कचेरी आणि लहुजी वस्ताद साळवे यांच्या तालमीत कसरत. चारचौघांसारखा हा संसार तसाच चालला असता.

पण १८७० च्या सुमारास आई शिरढोणला आजारी असल्याचे कळले. नोकरदाराला रजेचा अर्ज म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको! रजा मिळाली नाही. ते तसेच निघाले. घरी पोचले तेव्हा आई गेलेली होती. पुढच्या वर्षी श्राद्धालाही रजा नाकारली गेली. परकी सत्ता म्हणजे काय, हे त्यांना कळले ते घराच्या उंबऱ्यावर.

मग ते थाळी वाजवून लोक जमवू लागले, भाषणे देऊ लागले. वामन प्रभाकर भावे आणि लक्ष्मण नरहर इंदापूरकर यांच्यासह त्यांनी पुण्यात शाळा उभी केली. तीच पुढे महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटी झाली. १८७६-७७ चा दुष्काळ त्यांनी गावोगाव हिंडून पाहिला. शिकलेले लोक शस्त्र धरायला येईनात, तेव्हा ते रामोश्यांकडे वळले. फेब्रुवारी १८७९ मध्ये शिरूरजवळच्या धामारीवर पहिला छापा पडला.

मे महिन्यात दौलतराव नाईकांच्या टोळीने कोकणात उतरून चिखली आणि पळस्पे लुटले. पळस्पे म्हणजे शिरढोणचा शेजार! परतताना गोऱ्या फौजेशी गाठ पडून दौलतराव मारले गेले आणि बंडाचा कणाच मोडला. जुलैत वासुदेवराव आजच्या कर्नाटकातील देवरनावदगी येथे पकडले गेले. पुण्याच्या खटल्यात सार्वजनिक काकांनी त्यांचे वकीलपत्र घेतले. त्यांची रोजनिशीच त्यांच्याविरुद्ध पुरावा ठरली. शिक्षा झाली जन्मठेपेची, एडनला. तेथल्या कोठडीचे दार बिजागऱ्यांसकट उखडून ते पळाले, पुन्हा पकडले गेले आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजी, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, परक्या भूमीत वारले.

बंडाच्या हिशेबात पत्नी गोपिकाबाईंचे नाव सहसा येत नाही. वासुदेवरावांनी त्यांना लिहा-वाचायला शिकवले होते, आणि तो काळ बायकांनी अक्षर गिरवले तरी भुवया उंचावण्याचा होता. पती हयात असूनही समुद्रापलीकडे, आणि मग तोही नाही, असे आयुष्य त्यांच्या वाट्याला आले. देशासाठी घरावर तुळशीपत्र ठेवणे आपण सहज म्हणतो. ते तुळशीपत्र ज्यांच्या ताटात पडते, त्यांना कुणी विचारलेले नसते.

शिरढोणचे ते घर आजही उभे आहे. गोव्याच्या घाईत असलात तरी मुलांना घेऊन घटकाभर तेथे थांबा. आईला शेवटचे भेटायला धावत आलेला एक कारकून याच उंबऱ्याशी उशिरा पोचला होता, एवढे त्यांना सांगितले तरी पुरे.