मोजून पाहणारे योगी

कार्ल्याची लेणी पाहून जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने लोणावळ्याकडे निघाले की काही किलोमीटरवर कैवल्यधाम लागते. मधुमेह, दमा, रक्तदाब अशा तक्रारी घेऊन लोक आजही तिथे योगोपचारासाठी येतात. १९२४ मध्ये ही संस्था उभारणारे स्वामी कुवलयानंद योगाचे भक्त होते, पण योगाविषयीचा प्रत्येक दावा तपासून घेतला पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता.

त्यांचे मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. जन्म ३० ऑगस्ट १८८३ रोजी बडोदा संस्थानातील डभोई येथे झाला. बडोद्यात राजरत्न माणिकरावांकडे ते व्यायाम शिकले. पुढे अमळनेरला त्यांनी अध्यापन केले आणि तिथल्या राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्यपदही सांभाळले. नर्मदाकाठी मालसर येथे राहणारे परमहंस माधवदास हे त्यांचे योगगुरू.

योगाचा अनुभव घेतल्यावर त्यांना प्रश्न पडला, की या क्रियांनी शरीरात नेमके घडते काय? उत्तरासाठी त्यांनी बडोद्याच्या रुग्णालयात प्रयोग सुरू केले. उड्डियान आणि नौली करताना पोटाच्या आत दाब किती बदलतो हे त्यांनी उपकरणे लावून मोजले, क्ष-किरण चित्रे घेतली. लोणावळ्यात प्रयोगशाळा उभी राहिली आणि निष्कर्ष छापण्यासाठी १९२४ मध्येच ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू झाले.

त्यांचा खरा कस लागला तो प्राणायामाच्या बाबतीत. प्राणायामाने शरीराला भरपूर जादा प्राणवायू मिळतो, ही समजूत तेव्हाही लोकप्रिय होती. श्वासातल्या वायूंचे मोजमाप केल्यावर तिला आधार मिळाला नाही. स्वामीजींनी हे दडवले नाही. प्राणायामाचे महत्त्व दुसरीकडे आहे, असे त्यांनी स्पष्टपणे मांडले. १९६३ मध्ये डॉ. विनेकर यांच्यासह त्यांनी योगोपचारावर पुस्तक लिहिले, ते केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याने प्रसिद्ध केले. लोणावळ्यात योगोपचाराचे रुग्णालयही सुरू झाले. १८ एप्रिल १९६६ रोजी त्यांचे निधन झाले.

टाइप टू मधुमेहात योगाचा उपयोग कसा होतो, हे आता अधिक स्पष्ट झाले आहे. स्नायू काम करू लागले की ते रक्तातली साखर ओढून घेतात आणि इन्सुलिनचा परिणाम सुधारतो. मनावरचा ताण उतरला की साखर वाढवणारी संप्रेरकेही कमी होतात. नियमित योगाने साखर काही प्रमाणात उतरल्याचे अनेक चाचण्यांत दिसले आहे. मात्र हा फायदा औषधांच्या जोडीने मिळणारा आहे.

स्वामीजींची हीच कसोटी आज बाजारातल्या ‘नैसर्गिक’ पूरकांना लावायला हवी. समुद्री शेवाळाचेच पाहा. तपकिरी शेवाळातला अल्जिनेट हा चिकट तंतू पचनाचा वेग कमी करतो आणि जेवणानंतरची साखर सावकाश चढते. शेवाळातील काही घटक पिष्टमय पदार्थ पचवणाऱ्या विकरांना अडवतात, असेही प्रयोगशाळेत दिसले आहे. परंतु माणसांवरच्या चाचण्या लहान आहेत आणि त्यांचे निकाल सारखे नाहीत. शिवाय काही शेवाळांत आयोडीन इतके असते, की थायरॉइडचा त्रास असलेल्यांना ते बाधू शकते.

म्हणून आसन असो, कारल्याचा रस असो वा शेवाळाची गोळी, सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना सांगावे. साखर नियमित तपासून आकडे वहीत लिहावेत. चालू गोळी किंवा इन्सुलिन मनाने बंद करू नये; साखर खरोखर उतरू लागली, तर मात्रा डॉक्टरच बदलतील. परंपरेवर श्रद्धा ठेवूनही मोजमाप सोडायचे नसते, हे लोणावळ्याच्या या योग्याने शंभर वर्षांपूर्वीच दाखवून दिले आहे.